सार्वजनिक झाडांचीं कलमें : घ्यावीं कीं न घ्यावीं?

बागाईतदाराच्या दृष्टीस चांगलें झाड पडलें म्हणजे त्याचा हात आपोआप फांदीकडे जातो. सोलापुरांत सिद्धेश्वर तलावाच्या कांठीं, किल्ल्याशेजारच्या बागेंत, एखाद्या कचेरीच्या आवारांत किंवा देवळाच्या पाराजवळ दुहेरी पाकळीची जास्वंद, गर्द फुललेली बोगनवेल अथवा टपोऱ्या फळांचें डाळिंब दिसलें कीं वीतभर काडी मोडावी, पिशवींत टाकावी आणि घरीं नेऊन मातींत खोंचावी, ही गोष्ट इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तींत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें बहुतेकांस वाटतहि नाहीं. शेजाऱ्याच्या शेतांतलें एक कणीस मोडतांना ज्यास संकोच वाटेल, तोच गृहस्थ सरकारी बागेंतली फांदी निःशंकपणें मोडतो. तो अप्रामाणिक असतो असें नव्हे. कणसास मालक आहे हें त्यास दिसतें. बागेंतल्या फांदीस मालक आहे हें त्यास दिसत नाहीं, इतकेंच.

हा प्रश्न शहरांतल्या हौशी लोकांचा, आपणां शेतकऱ्यांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु सोलापूर जिल्ह्याच्या शेतकऱ्यास तो जितका लागू आहे तितका क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. ज्वारी, तूर, हरभरा हीं आपलीं जुनीं पिकें बियांवर चालतात. पण डाळिंब व द्राक्ष या ज्या दोन फळांनीं या अवर्षणाच्या मुलखांत पैसा आणला, तीं काडीवर चालतात. काडी कोठून आणली, कशी आणली आणि विचारून आणली कीं न विचारतां, यावर येथल्या बागांचें बरेंवाईट अवलंबून आहे. यास्तव या विषयाचा नीति, कायदा आणि शेती अशा तिन्ही अंगांनीं येथें विचार करण्याचें योजिलें आहे.

काडी म्हणजे सबंध झाड

बीं पेरलें तर होणारें झाड मूळ झाडासारखेंच निपजेल असा भरंवसा नसतो. काडीची गोष्ट निराळी. फाटे कलम असो, गुटी असो कीं भरलेला डोळा असो, तें मूळ झाडाचेंच दुसरें शरीर होय. फळाचा गोडवा, रंग, दाण्याचा नरमपणा हे सर्व गुण त्यांत जसेच्या तसे उतरतात. १९३६ सालीं पुण्याच्या गणेशखिंड बागेंत डॉ. जी. एस्. चीमा यांनीं आळंदी जातीच्या बियांच्या रोपांतून नरम दाण्याचें एक डाळिंब निवडलें. त्यास १९७० मध्यें ‘गणेश’ हें नांव मिळालें. पुढें महाराष्ट्रांत जिकडे तिकडे जें गणेश डाळिंब लागलें, तें त्या एका निवडीचा कलमांनीं झालेला विस्तार होय. याच गणेशच्या संकरांतून राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें ‘भगवा’ ही जात काढली व २००३-०४ च्या सुमारास ती शेतकऱ्यांच्या हातीं दिली. आज डाळिंबाच्या बाजारांत तिचेंच राज्य आहे.

द्राक्षाचें उदाहरण तर आपल्या उशाशींच आहे. उत्तर सोलापूर तालुक्यांतल्या नान्नज येथें नानासाहेब काळे यांनीं थॉम्पसन सीडलेस जातीच्या वेलींत निपजलेला निराळा फुटवा हेरला आणि त्यापासून लांबट मण्यांची ‘सोनाका’ ही जात वाढविली. काळ्या द्राक्षांतली ‘शरद सीडलेस’ हीहि त्यांचीच निवड. सांगली जिल्ह्यांत तासगांव तालुक्यांतल्या बोरगांव येथें वसंतराव आर्वे यांनीं ‘तास-ए-गणेश’ अशीच हेरली. शेंकडों वेलींत निराळी एक फांदी ओळखावयाची, ती जपावयाची, तिच्या काड्या लावून तो गुण पिढ्यानुपिढ्या टिकतो कीं नाहीं हें पहावयाचें, यास डोळा लागतो, धीर लागतो आणि पदरचा पैसाहि लागतो. अशा वेलीची काडी वजनानें नगण्य असेल. पण तींत पाळणाऱ्याचीं कित्येक वर्षें भरलेलीं असतात.

तेव्हां ‘एका काडीनें काय होतें?’ हा प्रश्नच चुकीच्या मापानें विचारलेला आहे. लांकूड म्हणून पाहिलें तर काडीची किंमत शून्य; वाण म्हणून पाहिलें तर तींत सबंध बाग आहे. आपण ती मोडतों ती लांकूड म्हणून नव्हे, वाण म्हणून मोडतों. मग तिचें मोल मात्र लांकडाच्या दरानें कां करावें?

नेहमींचीं तीन समर्थनें

न विचारतां काडी घेणारांकडून तीन समर्थनें नेहमीं ऐकूं येतात. त्या तिहींतहि थोडें थोडें सत्य आहे, म्हणूनच त्यांचा नीट विचार केला पाहिजे.

पहिलें समर्थन असें कीं, फांदी काढल्यानें झाड मरत नाहीं, उलट जोमानें फुटतें. छाटणीचा लाभ आपणांस कोणी शिकवावयास नको. परंतु छाटणी म्हणजे काय, हेंहि आपणांसच उत्तम ठाऊक आहे. ती योग्य हंगामांत, योग्य डोळ्यावर, धारेच्या कात्रीनें करावयाची असते. जातां जातां हातानें पिरगळून तोडलेली फांदी सालपट सोलीत खालपर्यंत येते. ती जखम भरत नाहीं, आणि आपल्याकडचें वैशाखांतलें ऊन तींतून झाडाचा ओलावा ओढून घेतें. शिवाय सार्वजनिक झाडाजवळून जाणारा मनुष्य एकच नसतो. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशीं शहरांतल्या वडांची काय दशा होते ती पहावी. ज्या वृक्षास त्याच्या दीर्घायुष्यामुळें पूजावयाचें, त्याच्याच फांद्या ओरबाडून बाजारांत विकावयास येतात व दुसऱ्या दिवशीं कचऱ्यांत पडतात. दसऱ्यास आपट्याची हीच गत. प्रत्येक जण एकच डहाळी नेतो, आणि सायंकाळीं झाडावर पान रहात नाहीं. एका मनुष्याची काडी झाडास सोसते. सर्वांची सोसत नाहीं. म्हणून सार्वजनिक ठिकाणीं विचारण्याचा प्रश्न ‘मी एक काडी घेतली तर काय होईल’ असा नसून ‘येथून जाणारा प्रत्येक जण माझ्यासारखाच वागला तर काय होईल’ असा आहे.

दुसरें समर्थन असें कीं, सार्वजनिक म्हणजे आपलेंच. आपण कर भरतों, तेव्हां आपल्याच बागेंतली काडी घ्यावयास परवानगी कसली? या म्हणण्याची परीक्षा पाण्यावर करावी. उजनीचें पाणी सार्वजनिकच आहे. म्हणून कोणी कालव्याचें दार आपल्या मनानें उघडूं लागला तर त्यास आपण काय म्हणूं? पाणी सर्वांचें आहे म्हणूनच त्यास पाळी आहे, आणि पाळी मोडणारा सरकारचा नव्हे तर शेपटाकडच्या शेतकऱ्याचा अपराधी असतो. सर्वांच्या वस्तूंत माझा वांटा आहे हें खरें. पण माझा वांटा कोणता, हें ठरविण्याचा अधिकार एकट्या माझा नाहीं. तो ज्याच्या हवालीं ती वस्तु सोंपविली आहे त्याचा. बागेचा अधीक्षक, देवस्थानचे पंच, ग्रामपंचायत, शाळेचे मुख्याध्यापक हे झाडाचे मालक नसले तरी सर्वांच्या वतीनें राखणदार आहेत. त्यांस विचारणें म्हणजे सर्वांस विचारणें होय. राखणदारानेंहि हें विसरतां कामा नये; बागेच्या नोकरानेंच चार पैसे घेऊन मागील दारानें काड्या दिल्या तर कुंपणानेंच शेत खाल्लें असें होईल.

तिसरें समर्थन असें कीं, विचारलें तर देत नाहींत. हें मात्र बऱ्याच अंशीं खरें आहे. माळ्यास देण्याचा अधिकार नसतो, अधिकारी अर्ज करावयास सांगतात, आणि एका काडीसाठीं अर्ज कोण करीत बसणार? हा दोष घेणाराचा नव्हे, संस्थांच्या व्यवस्थेचा आहे. त्याविषयीं पुढें लिहिलें आहे. तथापि नकार नेहमींच आडमुठेपणाचा असतो असें समजूं नये. सोलापुरास कोरडवाहू शेतीचे प्रयोग १९३३ पासून चालत आलेले आहेत, आणि केगांव येथें २००५ सालीं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघालें. अशा ठिकाणच्या प्रत्येक झाडास नंबर असतो, त्याच्या फळांची, वाढीची व रोगांची नोंद वर्षानुवर्षें ठेवलेली असते. त्यावरची एक फांदी मोडली म्हणजे त्या वर्षाचा आंकडा खोटा ठरतो. शिवाय परीक्षेंत असलेल्या झाडाचा गुण दिसतो, दोष दिसावयाचा असतो. तीं पूर्ण तपासण्यापूर्वींच त्याची काडी बाहेर नेणारा मनुष्य स्वतःची फसवणूक तर करतोच, पण ती काडी पुढें दहा जणांस देऊन त्यांचीहि करतो. याच केंद्रानें तपासून ‘सोलापूर लाल’ ही संकरित जात २०१७ मध्यें पुढें आणली. ती योग्य मार्गानें कोणासहि मिळूं शकते. जें झाड उद्यां उघड्या हातानें मिळणार आहे तें आज झांकल्या हातानें कां घ्यावें?

कायदा काय म्हणतो

झाडाच्या कलमाचा विचार करतांना कायद्याचेंहि कलम पाहिलें पाहिजे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३७८ व्या कलमांत एक मार्मिक स्पष्टीकरण होतें. जमिनीस जडलेली वस्तु जंगम नसल्यामुळें जागच्या जागीं तिची चोरी होऊं शकत नाहीं. परंतु ती जमिनीपासून अलग केली कीं त्याच क्षणीं ती चोरीचा विषय होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे व तिच्या ३०३ व्या कलमांत हाच नियम कायम आहे. जास्वंदीच्या एका काडीसाठीं कोणी कोर्टांत खेंचणार नाहीं हें उघड आहे. परंतु फांदी मोडण्याची क्रियाच तिला दुसऱ्याची वस्तु बनविते, हें तत्त्व ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

याखेरीज शहरांतील झाडांस तोडणें, जाळणें किंवा इजा करणें यांवर महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा निर्बंध घालतो. राखीव रानांतून कोणतीहि वनोपज नेण्यास १९२७ चा वन कायदा आडवा येतो, आणि अभयारण्यांत तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें परवान्याशिवाय कांहींच उचलतां येत नाहीं. ज्या नान्नजनें आपणांस सोनाका दिली, त्याच गांवाचें नांव १९७९ पासून माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यामुळेंहि सर्वत्र झालें आहे. एकाच शिवारांत एका बाजूस मालकानें खुशीनें दिलेल्या काडीचा इतिहास आहे, तर दुसऱ्या बाजूस जेथून काडीहि उचलूं नये असें रान आहे. बोर असो कीं खैर, तेथलें बीं किंवा फांदी कोणी औषधासाठीं अथवा कुंपणासाठीं आणूं म्हणेल तर वनखात्यास विचारल्यावांचून आणूं नये.

आतां शेतकऱ्याच्या हक्काविषयीं. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या शेतांत आलेलें बियाणें राखण्याचा, लावण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. नोंदलेल्या वाणाचें बियाणें शिक्क्याखालीं, म्हणजे छापील नांवानें, विकण्यास मात्र मनाई आहे. ‘बियाणें’ या शब्दांत ज्यापासून तसेंच झाड उगवतें असा कोणताहि भाग येतो. हा हक्क मोलाचा आहे व तो आपण जपला पाहिजे. पण तो स्वतःच्या शेतांतल्या मालाचा हक्क आहे. दुसऱ्याच्या वेलीवरची काडी अंधारांत कापून आणण्याचा नव्हे. तसेंच जो गृहस्थ विक्रीकरितां फळझाडांचीं कलमें करतो त्यास १९६९ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणें रोपवाटिकेचा परवाना घ्यावा लागतो, ही गोष्टहि पुष्कळांस ठाऊक नसते.

कायद्याहून जुनें असें एक वचन मराठी राज्याच्या इतिहासांत आहे. रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचें. त्यांत आरमाराच्या प्रकरणीं लांकडाचा विषय निघाला आहे. गलबतांस आंबा, फणस हीं लांकडेंहि उपयोगी पडतीं. तरी त्यांस हात लावूं देऊं नये, कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत व रयतेनें तीं पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलीं असतात, असा त्याचा आशय आहे. एखादें झाड जीर्ण झालें असेल तर तेंहि धन्यास राजी करून, मोल देऊन मगच तोडावें, असें त्यांत सांगितलें आहे. ज्या राज्यास आरमाराची निकड होती तें राज्यहि रयतेच्या झाडास विचारल्यावांचून हात लावूं पहात नव्हतें. मग राज्याच्या झाडास रयतेनें विचारल्यावांचून हात लावावा, हें कोणत्या न्यायानें?

काडीबरोबर काय येतें

येथपर्यंत मालकाचा व राखणदाराचा विचार झाला. परंतु या प्रश्नांत तिसरा एक पक्ष आहे व आमच्या मतें तोच सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे आपला शेजारी. काडींत मूळ झाडाचे गुण जसे येतात तसे त्याचे रोगहि येतात. आणि जी काडी चोरून, घाईनें, संध्याकाळच्या अंधारांत घेतली, ती तपासून घेतलेली नसते.

डाळिंबावरील तेल्या रोग हा एका सूक्ष्म जंतूपासून होतो. त्याची नोंद प्रथम दिल्लीस १९५२ मध्यें झाली, पण आपल्याकडे त्यानें खरा कहर केला तो २००० नंतरच्या वर्षांत. पानावर तेलकट ठिपके, फांदीच्या पेऱ्यावर काळे चट्टे आणि फळावर तडा, हीं त्याचीं लक्षणें सोलापुरांतल्या शेतकऱ्यास सांगावयास नकोत. सांगोल्याकडे तेल्या, मर व खोडकिडा यांपायीं कित्येक बागा उपटाव्या लागल्या. हा जंतु पावसाच्या थेंबांबरोबर, वाऱ्याबरोबर व छाटणीच्या कात्रीबरोबर जवळपास पसरतो; पण एका तालुक्यांतून दुसऱ्या तालुक्यांत, ओढे-डोंगर ओलांडून जातो तो बहुतेक कलमांबरोबर. वरून स्वच्छ दिसणाऱ्या काडींतहि तो दबून राहूं शकतो आणि पहिल्या ढगाळ पावसाळ्यांत डोकें वर काढतो. म्हणजे ज्यानें फुकट काडी आणली त्यानें फुकटचें दुखणें आणलें. आणि तें त्याच्या बांधावर थांबत नाहीं.

शोभेच्या झाडांची काडी निर्दोष असते असेंहि समजूं नये. शहरांतल्या बागांमधल्या जास्वंदीवर पिठ्या ढेंकूण पुष्कळदां असतो. त्यांतली गुलाबी जात ही आपल्या द्राक्षबागांना छळणारीच जात होय. अंगणांत हौसेनें लावलेल्या जास्वंदीच्या काडीवरून मुंग्यांच्या मदतीनें ती घरामागच्या द्राक्षाच्या मांडवापर्यंत जाते, आणि मग मण्यांच्या घडांत पांढरा कापूस व चिकटा दिसूं लागला कीं बागाईतदार औषधांच्या दुकानाच्या पायऱ्या चढूं लागतो. कारण अंगणांत आहे हें त्याच्या मनांतहि येत नाहीं.

परदेशाचा अनुभवहि हाच आहे. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत युरोपांतल्या हौशी बागाईतदारांनीं अमेरिकेंतून द्राक्षाच्या वेली मागविल्या. हेतु चांगला होता. परंतु त्यांच्या मुळांबरोबर फिलॉक्सेरा नांवाचा बारीक किडा आला. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्सांत वेली कारणावांचून वाळूं लागल्या, आणि पुढील कांहीं दशकांत त्या देशाच्या द्राक्षमळ्यांचा फार मोठा भाग नष्ट झाला. अखेर १८७८ मध्यें बर्न येथें राष्ट्रांस करार करून वेलींच्या नेण्याआणण्यावर निर्बंध घालावे लागले. उपाय सांपडला तोहि अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचें कलम करण्याचा. आपण खाऱ्या जमिनीस व कमी पाण्यास टिकावा म्हणून जो डॉगरिज खुंट वापरतों तोहि मूळचा अमेरिकेचाच. म्हणजे दुसरीकडचें झाड आणणें हें पाप नव्हे. न तपासतां आणणें हें पाप आहे. आपल्या देशांत १९१४ चा विध्वंसक कीटक व उपद्रव कायदा याच धड्यावरून झाला. तरी १९४० च्या सुमारास सिलोनांतून केळीच्या मुनव्यांबरोबर पर्णगुच्छ रोग केरळांत आलाच. कायदा बंदरावर पहारा ठेवूं शकतो. पिशवींतल्या काडीवर पहारा ठेवावयास प्रत्येकाची सदसद्विवेकबुद्धिच पाहिजे.

नांवाचा प्रामाणिकपणा

काडी न विचारतां घेण्याचा आणखी एक परिणाम कमी लक्षांत येतो. ज्यानें विचारलें नाहीं त्यास झाडाचें खरें नांव कळत नाहीं, आणि कळलें तरी तें सांगण्याची सोय रहात नाहीं. मग नवें नांव ठेवण्यांत येतें. भगवा डाळिंबासच शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र अशीं अनेक नांवें पडलीं. एकाच झाडाचीं कलमें निरनिराळ्या नांवांनीं निरनिराळ्या भावानें विकलीं जावींत आणि घेणाऱ्यानें जुनें झाड नवें म्हणून पुन्हां विकत घ्यावें, हें आपल्याच बांधवाचें नुकसान होय. उलट ज्या काडीबरोबर तिचें नांव, मूळ झाडाचें ठिकाण आणि देणाऱ्याचें नांव येतें, ती काडी पुढें बिघडली तर मागें जाऊन कारण शोधतां येतें. नांव लपविलेली काडी म्हणजे सात-बाराशिवाय घेतलेली जमीन.

देणाऱ्याचें कर्तव्य

एवढें वाचून कोणी असा निष्कर्ष काढूं नये कीं, सर्व काड्या कुलपांत ठेवाव्या. तसें झालें असतें तर ना गणेश पसरलें असतें, ना सोनाका. आपल्या जिल्ह्याची फळबाग ही एका शेतकऱ्यानें दुसऱ्यास खुशीनें दिलेल्या काडीवरच उभी आहे. ऑक्टोबर छाटणीच्या वेळीं द्राक्षाच्या काड्यांचे भारेच्या भारे बांधावर पडतात. ओळखीच्या मनुष्यानें मागितलें तर कोणता बागाईतदार नाहीं म्हणतो? या देण्याघेण्यांत विश्वास हेंच भांडवल आहे. एकदां बागेंतून न विचारतां काड्या गेल्या, त्या दुसऱ्याच्या नांवानें विकल्या गेल्या, असें कळलें कीं पुढच्या प्रामाणिक मागणाऱ्यासहि फाटक बंद होतें. चोरीनें काडीचें नुकसान थोडें होतें. देण्याच्या चालीचें नुकसान फार होतें.

म्हणून संस्थांनींहि विचारण्याचा मार्ग सोपा केला पाहिजे. महानगरपालिकेच्या बागांत पावसाळ्यापूर्वीं छाटणी होते व गाड्याच्या गाड्या फांद्या कचऱ्यांत जातात. त्याच दिवशीं निरोगी फांद्या वेगळ्या काढून नाममात्र मोलानें मागेल त्यास द्याव्या, त्यासाठीं एक वही ठेवावी, एवढें केलें तर मोडणारे निम्मे हात थांबतील. वडाची मनगटाएवढी फांदी पावसाच्या आरंभीं नीट रोवली तर फुटते. तेव्हां छाटलेले वडाचे दांडे ग्रामपंचायतींस रस्त्याकडे लावावयास मिळाले तर वटपौर्णिमेस ओरबाडावयाचे वडहि वाढतील. शेतकरी संघांनीं आपल्या सभासदांच्या मातृवृक्षांची यादी करावी आणि छाटणीच्या हंगामांत काड्यांच्या देवघेवीचा एक दिवस ठरवावा, अशी आमची सूचना आहे.

पाळावयाचे नियम

घेणाऱ्यानें पुढील नियम पाळले तर त्याच्या हातून कोणाचाहि अपराध होणार नाहीं.

(१) ज्याच्या हवालीं झाड आहे त्यास विचारावें, आणि ‘हो’ म्हणण्याचा अधिकार त्यास आहे ना, हेंहि पहावें. नुसत्या माळ्याच्या मान हलविण्यावर जाऊं नये.

(२) प्रयोगाच्या क्षेत्रांतलें, अभयारण्यांतलें व राखीव रानांतलें झाड परवानगीवांचून हातांत धरूं नये.

(३) छाटणीच्या वेळीं मागावें. कारण तेव्हां देणाऱ्याचें कांहींच जात नाहीं.

(४) इतकेंच घ्यावें कीं दुसऱ्या दिवशीं झाडाकडे पहाणाऱ्यास घेतल्याची खूण दिसूं नये. दुर्मिळ झाडाचें त्याहूनहि कमी.

(५) कात्री धारेची असावी, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातांना ती १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यांत बुडवावी. मोडून घेऊं नये.

(६) ज्या डाळिंबावर किंवा त्याच्या शेजारच्या झाडावर तेलकट ठिपका अथवा पेऱ्यावर काळा चट्टा दिसेल त्याची काडी फुकट मिळाली तरी घेऊं नये. नवी बाग लावावयाची असेल तर परवानाधारक रोपवाटिकेंतून अथवा ऊतिसंवर्धनाचें निरोगी रोप घ्यावें. तेथें काटकसर करूं नये.

(७) आणलेलें प्रत्येक रोप बागेपासून दूर ठेवून निदान एक पावसाळा त्याची पारख करावी. ठिपका दिसला तर तें उपटून जाळावें. कोणास देऊं नये.

(८) जातीचें नांव, मूळ झाडाचें ठिकाण, देणाऱ्याचें नांव व तारीख वहींत लिहावी, आणि काडी पुढें देतांना तेवढें टिपण तिच्याबरोबर द्यावें.

(९) ज्या सार्वजनिक झाडाची काडी घेतली त्याचें निरोगी रोप झालें तर त्यांतलें एक त्या जागीं परत लावण्यास द्यावें.

या नवांतला शेवटचा नियम कोणत्याहि कायद्यांत नाहीं, पण आमच्या मतें तोच सर्वांत उपयोगाचा आहे. ज्यास परत द्यावयाचें असतें तो निरोगी झाड निवडतो, नांव लक्षांत ठेवतो, बेतानें घेतो व देणाऱ्यास तोंड दाखवूं शकतो. बाकीचे आठ नियम त्याच्याकडून आपोआप पाळले जातात. डाळिंबानें व द्राक्षानें या कोरड्या जिल्ह्यास जें दिलें तें काडीनेंच दिलें. पुढची चांगली जात कोणाच्या तरी बागेंत, कदाचित् एखाद्या शाळेच्या आवारांत, आजहि फुटत असेल. ती आपल्यापर्यंत सरळ मार्गानें, नांवानिशीं व निरोगी यावी असें वाटत असेल, तर मागण्याची लाज सोडावी आणि मोडण्याची लाज धरावी, एवढेंच आमच्या शेतकरी बंधूंस सांगणें आहे.